उन्हाळा वाळवायला चांगला, साठवायला नाही



होळी जवळ आली की एकाच प्रश्नाचे मेसेज सुरू होतात. "मॅडम, मिरची आत्ता बाजारात उतरली आहे. आत्ताच दोनशे किलो मसाला करून ठेवला तर दिवाळीपर्यंत पुरेल का?" विचारणाऱ्या ताई कधी अकोल्याच्या असतात, कधी जळगावच्या, कधी नांदेडच्या. पदार्थ बदलतो. कुणाचा मसाला, कुणाची भाजणी, कुणाचं मेतकूट, कुणाची जवसाची चटणी. विचार मात्र तोच असतो: कच्चा माल स्वस्त आहे तोवर बनवून ठेवू, मागणी येईल तेव्हा विकू.

याचं उत्तर मी व्हिडिओत दोन मिनिटांत देऊन टाकलं आणि बऱ्याच जणी नाराज झाल्या. म्हणून इथे सविस्तर लिहिते. मिरची घ्या, जरूर घ्या, पण मसाला करून ठेवू नका. साठवायचं ते अख्खं, दळायचं ते महिन्याच्या विक्रीपुरतं. आणि ज्या खोलीत साठवणार आहात तिच्यावर पत्रा असेल, तर अख्खा मालसुद्धा आत नेण्याआधी हा लेख शेवटपर्यंत वाचा.

पत्र्याखालची खोली

आपल्यापैकी बहुतेकींचा उद्योग घराच्या मागच्या खोलीत किंवा अंगणात घातलेल्या शेडमध्ये चालतो. भिंती विटांच्या, वर पत्रा. मे महिन्यात बाहेर ४४ अंश असतं तेव्हा त्या पत्र्याखाली काय असतं, हे मोजून बघितलंय का कधी? भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर आणा आणि दुपारी तीन वाजता त्या खोलीत, वरच्या फळीवर ठेवा. आकडा बघून तुम्हालाच कळेल की आपण माल कोठारात ठेवलेला नाही, मंद आचेच्या भट्टीत ठेवलाय.

खाद्यपदार्थाच्या रसायनशास्त्रात एक ढोबळ हिशोब वापरतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की पदार्थ बिघडवणाऱ्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. दर पदार्थाला तो तंतोतंत लागू पडत नाही, पण धंद्याच्या अंदाजाला पुरेसा आहे. जी चटणी २८ अंशांना सहा महिने चांगली राहते, ती ३८ ला तीन महिने राहील आणि ४८ ला दीड. म्हणजे एप्रिल-मेचे दोन महिने पत्र्याखाली काढलेला माल पाऊस पडायच्या आतच म्हातारा झालेला असतो. तारीख ताजी असते, पाकीट चकचकीत असतं, आत मात्र खवटपणा सुरू झालेला असतो.

खवटपणा म्हणजे तेल हवेतल्या प्राणवायूने बिघडणं. त्यामुळे ज्यात तेल जास्त, ते आधी जाणार: शेंगदाणा, तीळ, जवस, कारळं, सुकं खोबरं. हे अख्खं असतं तेव्हा तेल दाण्याच्या आत बंद असतं. कुटलं की तेच तेल हजारो कणांवर पसरतं आणि सगळीकडून हवा लागते. बाजरीचं पीठ तर सगळ्यांच्या अनुभवाचं आहे. बाजरीचे दाणे वर्षभर राहतात, पण पीठ उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांतच कडवट लागायला लागतं, कारण दळल्याबरोबर दाण्यातलं तेल आणि ते तेल फोडणारं एन्झाइम एकत्र येतात. गव्हाच्या पिठात हे सावकाश होतं, बाजरीच्या पिठात फार लवकर. तरी बाजरीच्या पिठाच्या पाकिटावर सहा महिन्यांची तारीख टाकलेली मी पाहिली आहे. कुणी टाकली ते सांगत नाही. तुमच्यापैकीच कुणीतरी!

मसाल्यात तेल कमी, पण तिथे रंग आणि वास जातो. मिरचीचा लाल रंग उष्णतेने आणि उजेडाने फिका होत जातो. लवंग, वेलची, दालचिनी, धणे यांचा सुगंध म्हणजे उडून जाणारी तेलं. अख्ख्या लवंगेत तो टिकतो, पुडीतून रोज थोडा निसटतो. मसाल्याच्या खोलीत शिरल्यावर घमघमाट आला की आपल्याला बरं वाटतं ना? तो तुमच्या मालातूनच बाहेर पडलेला असतो.

आजीचा मसाला वर्षभर कसा टिकायचा?

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे वर्षाच्या बेगमीची परंपरा आहे. मे महिन्यात केलेला काळा मसाला चिनी मातीच्या बरणीत, वर मीठ, मध्ये हिंगाचे खडे, आणि तो पुढच्या मेपर्यंत पुरायचा. मग तेच आपण धंद्यात का करू नये?

मला वाटतं आपण आजीची कृती उचलली आणि आजीचं घर सोडून दिलं. मराठवाड्यात, खान्देशात, विदर्भात धाब्याची घरं होती. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर मातीचं छत. दुपारची उष्णता त्या भिंतीतून आत येईपर्यंत रात्र व्हायची. धान्य भिंतीतल्या बळदात किंवा शेणमातीने लिंपलेल्या कणगीत. बरणी माजघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात ऊन नाही, वारा नाही, तापमानाची चढउतार नाही. आजीने काही जादू केली नव्हती, पण मसाला ठेवायला तिच्याकडे योग्य खोली होती.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं माहीत असतील. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डे, तोंड लहान आणि पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड मातीने बंद करायचे. खाली गारवा, आत हवा येत नाही, त्यामुळे कीड जगत नाही. हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडल्यावर काही तास कुणी आत उतरायचं नाही असा दंडक होता, कारण आत श्वास घेण्याजोगी हवा उरलेली नसते आणि घाई करणाऱ्यांचे त्यात जीव गेले आहेत. २००५ च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं आणि तेव्हापासून वापर खूप कमी झाला. आज लाखो रुपयांच्या मशिनवाल्या कंपन्या 'हवाबंद तंत्रज्ञान' म्हणून जे विकतात, ते या शेतकऱ्यांच्या अंगणात जमिनीखाली होतं. आणि त्या पेवात ठेवत काय होते, हे नीट बघा. अख्खी हळकुंडं. हळद पावडर नाही.

घरच्या मसाल्याची आणखी एक बाजू आहे, ती जरा कडू आहे. घरचा मसाला मार्चमध्ये फिका लागला तर आपण एक चमचा जास्त घालतो. घरचं माणूस तक्रार करत नाही. गिऱ्हाईकही बहुतेक वेळा तक्रार करत नाही, पण ते पुढच्या वेळी दुसऱ्याचं पाकीट उचलतं. तुम्हाला ते कळतसुद्धा नाही.

दोन ऋतू, दोन शत्रू

साठवणीबद्दल बोलताना आपण उष्णता आणि ओल एकत्र करून टाकतो. आपल्या हवामानात ती दोन वेगवेगळ्या महिन्यांत येतात, आणि हे समजलं की वर्षाचं वेळापत्रक आपोआप लागतं.

मे महिन्यात विदर्भ-खान्देशातली हवा कोरडी ठणठणीत असते. वाळवायला याच्यासारखा काळ नाही. कुरडया, साबुदाण्याच्या चकल्या, तांदळाच्या पापड्या, बटाट्याचा कीस हे सगळं भरपूर करा, मी अजिबात अडवत नाही. यात तेल जवळजवळ नसतंच, निव्वळ पिष्ट. ते कडक वाळलं आणि कोरडं राहिलं तर वर्ष काढतं. उडदाच्या पापडाला एवढी मोकळीक देऊ नका. तो गरम जागी पडून राहिला की लालसर पडतो आणि किडीलाही आवडतो.

मृग लागला की चित्र उलटं होतं. गरमी उतरते आणि ओल चढते. मेमध्ये खडखडीत वाळवलेली मिरची बारदानाच्या पोत्यात तशीच राहिली, तर जुलैत हातात घेतल्यावर वाकते, मोडत नाही. हवेतलं पाणी तिने परत पिऊन घेतलेलं असतं. म्हणून वाळवणं मेमध्ये आणि बंद करणं मृगाच्या आत. घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे किंवा पोत्याच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी, तोंड पिळून दोरीने आवळून. हे काम जूनच्या दुसऱ्या आठवड्यावर ढकललं की वर्षभराची मेहनत गेली म्हणून समजा.

इथे विदर्भातल्या मंडळींना एक खास सूचना. कूलर! साठवणीच्या खोलीत गारवा यावा म्हणून कूलर लावलेला मी स्वतः पाहिलाय. भावना चांगली आहे, पण कूलर हवा थंड करतो ती पाणी मिसळून. उघड्या पोत्यांवर दिवसभर ओली हवा मारली तर मे महिन्यातच तुम्ही त्यांना पावसाळा दाखवला. कूलर माणसांना, मालाला नाही.

दुसरी तशीच गोष्ट गरम माल भरण्याची. भाजणी भाजली, दळली, हाताला कोमट लागतेय, ऑर्डरची घाई आहे, केलं पाउच सील. रात्री ते पाउच थंड होतं आणि आतल्या वाफेचं पाणी होतं. बुरशीला तेवढं पुरतं. कांडप यंत्रातून निघालेला मसाला तर चांगलाच गरम असतो. तो स्वच्छ कापडावर पसरा, पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा. पावसाळ्यात मात्र रात्रभर उघडा ठेवू नका, तासा-दोन तासांत काम उरका.

ओल मोजायची कशी?

"खडखडीत वाळलंय" हे प्रत्येकीचं वेगळं असतं. डाळ दाताखाली कटकन फुटली की वाळली, मिरची मुठीत दाबली की खुळखुळली, या खुणा चांगल्या आहेत, पण विक्रीच्या मालाला आकडा हवा. प्रयोगशाळेची गरज नाही. हवेतली आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळतो. काचेची कोरडी बरणी घ्या, अर्धी मालाने भरा, वर मीटर ठेवा, झाकण घट्ट लावा आणि रात्रभर सावलीत राहू द्या. सकाळी मीटर जो आकडा दाखवेल ती त्या मालाच्या पोटातली ओल समजा. ६५ टक्क्यांच्या खाली बुरशी वाढत नाही. स्वस्त मीटर पाच टक्के इकडेतिकडे दाखवतात, म्हणून आपण ६० ची रेघ आखायची. त्याच्या वर आकडा गेला की तो लॉट परत उन्हात, पाकिटात नाही.

मीटर खरा बोलतोय का, हेही घरी तपासता येतं. वाटीत मीठ घ्या, थोडं पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मिठाचं पाणी होता कामा नये. ती वाटी आणि मीटर एकाच बंद डब्यात सहा-सात तास ठेवा. मीटरने ७५ दाखवायला हवं. ७१ दाखवलं तर तुमचा मीटर चार कमी दाखवतो, तेवढे मिळवायचे. किती सोपं आहे!

मीटर नसेल तर धान्य-डाळीला मिठाचीच दुसरी युक्ती. कोरड्या बाटलीत एक तृतीयांश धान्य, त्यात दोन-तीन चमचे तव्यावर कोरडं करून गार केलेलं मीठ, एक मिनिट हलवा, पंधरा मिनिटं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात १५ टक्क्यांहून जास्त ओल आहे. चिकटलं नाही म्हणून लगेच खूश होऊ नका. वर्षभर ठेवायचं धान्य १२ टक्क्यांच्या आत हवं, शेंगदाणे त्याहूनही कोरडे, सातच्या आसपास. तेवढं बारीक मिठाला कळत नाही, तिथे मीटरच लागतो.

बुरशीबद्दल एकच सांगते, पण ते नीट ऐका. शेंगदाणा, मका, मिरची यांवर जी पिवळट-हिरवी बुरशी येते ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करू शकते. यकृताला ते घातक आहे आणि भाजून, उकळून, तळून पूर्ण जात नाही. तेव्हा "बुरशीचे दाणे निवडून काढले, बाकीचे खमंग भाजून चटणी केली" हा उपाय नाहीच. तो माल टाका. जनावरांनाही घालू नका.

किडे, आणि त्या गोळ्या

डाळी-कडधान्यांत भुंगे बाहेरून येतात असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा ते आपण बाजारातून सोबतच आणलेले असतात. मादी दाण्याला अंडी चिकटवते, अळी आत शिरून दाणा पोखरते, आणि ३० अंशांच्या आसपास साधारण महिन्याभरात नवी पिढी तयार होते. तुम्ही घरी आणलेलं मुगाचं पोतं पहिल्या दिवशी स्वच्छ दिसतं आणि तिसऱ्या महिन्यात पीठ पडायला लागतं, ते यामुळे.

मेचं कडक ऊन इथे कामाला येतं. काळ्या प्लॅस्टिकवर पातळ थर देऊन वरून पारदर्शक प्लॅस्टिक झाकलं की आतलं तापमान ५५-६० च्या पुढे जातं, आणि अंडी-अळ्या दोन्ही मरतात. पेरायच्या बियाण्याला हे करू नका. थोडा महागडा माल असेल, काजू, बेदाणे, रवा, तर पिशवी घट्ट बंद करून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर मात्र ती लगेच उघडायची नाही. पूर्ण गार उतरू द्या, नाहीतर मालावर दव धरतं.

आता त्या गोळ्या. पोत्यात टाकायच्या सेल्फॉसच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. गोदामाबाहेर, घरात ठेवलेल्या धान्यात या गोळ्या टाकल्यामुळे शेजारच्या खोलीत झोपलेली माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. सर्वसामान्य माणसाने त्या वापरायच्याच नाहीत, परवानाधारक कीड नियंत्रणवाल्यांचं ते काम आहे. तरी बाजारात "दोन गोळ्या टाका ताई, वर्ष बघायला नको" असं सांगणारे भेटतात. कुणी दिल्या तर घेऊ नका. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत, गरम खोलीत पारा जास्तच उडतो. घरच्या तांदळाला लोक बोरिक पावडर चोळतात, विक्रीच्या मालाला ती लावायची नाही. डाळीला एरंडेल तेलाचा हात फिरवणं ही जुनी पद्धत घरी ठीक. विकायची असेल तर त्यापेक्षा हवाबंद पिशवी बरी.

हवाबंद पिशवीचं तत्त्व पेवाचंच आहे. आफ्रिकेत चवळीसाठी तीन थरांच्या पिशव्या निघाल्या, आत प्लॅस्टिकचे दोन अस्तर आणि बाहेर विणलेलं पोतं. तोंड आवळलं की आतले किडे उरलेला प्राणवायू संपवतात आणि गुदमरतात. नायजरसारख्या आपल्याहून तापलेल्या देशात त्या चालतात. आपल्याकडेही अशा अस्तराच्या पिशव्या मिळायला लागल्या आहेत. एकच अट: भोक पडलं की संपलं, आणि दर चार दिवसांनी तोंड उघडून बघायची सवय सोडावी लागते.

आधी मशीन की आधी छत?

इथे माझं मत बऱ्याच प्रशिक्षकांपेक्षा वेगळं आहे. नवा उद्योग सुरू झाला की पहिला सल्ला मिळतो व्हॅक्यूम पॅकिंग मशीनचा. पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, बँक कर्ज देते, मशीन येतं, हार घालून फोटो निघतो. आणि त्या मशीनमधून निघालेली पाकिटं जातात पत्र्याखालच्या फळीवर.

व्हॅक्यूमने हवा निघते, उष्णता निघत नाही. रंग उडायचा तो उडतो. आणि ओला माल व्हॅक्यूममध्ये भरला तर तो कोरडा होत नाही. मशीन वाईट नाही, त्याचा नंबर दुसरा आहे. पहिला नंबर छताचा. पत्र्याला वरून पांढरा चुना किंवा पांढरा परावर्तक रंग, खालून छत, म्हणजे फॉल्स सीलिंग. तेही परवडत नसेल तर पत्र्यावर तुराट्या-पऱ्हाट्यांचा जाड थर, गावाकडे हे नवीन नाही. वणवा-विजेची तार मात्र सांभाळा. खोली निवडायची तर उत्तरेची, पश्चिमेची नको. पोती लाकडी पाटांवर, भिंतीपासून वीतभर लांब. भिंतीला टेकलेल्या पोत्याचीच एक बाजू नेहमी कुबट का असते, हे त्यावरून कळेल.

आणि खरं सांगू? पाच जणींच्या गटाने मिळून गावातली एक जुनी मातीची खोली भाड्याने घेतली, तर पाच पत्र्याच्या शेडपेक्षा ती चांगली. अशा खोल्या पडून आहेत. मोठे व्यापारी मिरची उगाच शीतगृहात ठेवत नाहीत, गुंटूरला मिरचीची शीतगृहं ओळीने उभी आहेत. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण जुन्या घराचा गारवा परवडतो.

स्वस्त मिरचीचा हिशोब

"मॅडम, पण भावात फरक पडतो त्याचं काय?" पडतोच. म्हणून तर म्हणते, मिरची घ्या. आकडे समजा म्हणून घेऊ, तुमच्या बाजाराचे तुम्ही घाला. मार्चमध्ये मिरची २०० रुपये किलो, ऑक्टोबरमध्ये २६०. शंभर किलो आत्ता घेतली तर ६,००० रुपये वाचले. आता त्याच मिरचीचा मसाला मार्चमध्येच करून ठेवला आणि ४०० रुपये किलोने विकायला काढला. फिका पडला, वास गेला, म्हणून १५ किलो माल दुकानांतून परत आला. गेले ६,००० रुपये. वर तेलाचा, कांडपाचा, पाउचचा खर्च आणि त्या दुकानात परत शिरायची लाज, ती वेगळीच. मिरची अख्खी ठेवून दर महिन्याला दळली असती तर भावातला फरक हातात राहिला असता आणि मालही ताजा गेला असता.

यावर एका ताईंनी बरोबर मुद्दा काढला होता. पावसाळ्यात मिरची दमट होते, कांडपात चिकटते, मग दर महिन्याला दळायची कशी? अडचण खरी आहे. म्हणूनच मृगाआधी डबाबंद करायला सांगते, आणि तेही दळणाच्या मापाने. शंभर किलोचं एक पिंप केलं की ते दर महिन्याला उघडणार आणि दर महिन्याला ओल आत जाणार. दहा-दहा किलोच्या दहा पिशव्या केल्या की एक उघडायची, तीच दळायची, बाकीच्यांना हात नाही. कांडपाच्या खेपा वाढतील, तो त्रास आहे. त्याच्या बदल्यात एप्रिल-मेमधली गिरणीवरची रांग वाचते.

बारा महिन्यांचा शिक्का

पाकिटावरच्या तारखेबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे पाकिटावर उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि एक्सपायरीची तारीख लागते. 'बेस्ट बिफोर' लिहिणं ऐच्छिक आहे. पण तुमची भाजणी किती महिने टिकते, हे कुठला नियम सांगत नाही. ते बनवणाऱ्याने ठरवायचं आणि त्याची जबाबदारी घ्यायची. आपण करतो काय? मोठ्या ब्रँडचं पाकीट उलटं करून बघतो, तिथे बारा महिने असतं, आपणही बारा लिहितो. त्यांच्याकडे प्रयोगशाळा आहे, कित्येक थरांचं पाकीट आहे, वातानुकूलित गोदाम आहे. तुमच्याकडे पत्र्याची शेड आहे. मग तारीख एकच कशी?

तुमची तारीख तुम्हीच शोधा. प्रत्येक लॉटमधली सहा पाकिटं बाजूला काढा, त्यांवर लॉट नंबर आणि तारीख लिहा, आणि ती मुद्दाम तुमच्या सगळ्यात गरम फळीवर ठेवा, कारण दुकानदाराची काचेची शोकेसही तशीच तापते. दर महिन्याला एक फोडा. ताज्या मालाशेजारी ठेवून रंग बघा, वास घ्या, चव घ्या. घरच्यांना न सांगता द्या, म्हणजे खरं मत येईल. ज्या महिन्यात कुणीतरी नाक मुरडेल त्याच्या बराच आधीचा महिना तुमची तारीख. चटणीला तीन महिने येतील, मसाल्याला कदाचित सहा, कुरडईला वर्ष. मे महिन्याच्या लॉटला आणि डिसेंबरच्या लॉटला वेगळी तारीख आली तरी बिचकू नका, ते तसंच असणार. लायसन्ससाठी किंवा मोठ्या दुकानासाठी प्रयोगशाळेचा अहवाल मागितला तर तो वेगळा काढावा लागतो. पण तिथे पैसे भरायच्या आधी ही सहा पाकिटं तुम्हाला बरंच काही सांगून जातील.

"दुकानदार तीन महिन्यांची तारीख असलेला माल घेतच नाही हो." काही घेणार नाहीत, हे मान्य. त्यांच्याकडे पन्नास पाकिटं उधारीवर टाकून महिनोन्महिने वाट बघायची पद्धत तुमच्या चटणीला परवडणारीच नाही. त्यांना सांगा: वीस पाकिटं ठेवते, रोख द्या. महिन्याने मी स्वतः येते, उरलेली उचलते आणि तेवढीच नवी बदलून देते. शोकेसच्या वरच्या कप्प्यात, उन्हाच्या बाजूला ठेवू नका, एवढं बघा. चार दुकानदारांतला एखादा तयार होतो. त्याच्याकडे तुमचं प्रत्येक पाकीट ताजं असतं, म्हणून पुढच्या महिन्यात तो तीस मागतो.